एक्स, वाय, झेड: तिन्ही अक्षरं असलेला इंग्रजी शब्द शोधायचा कसा?

कोडेग्रस्त
मंडळी, दोन दिवस झाले, डोक्याला भुंगा लागलाय. आमच्या कोडीवाल्या गटात एका मित्राने कोडं सोडलं: "एक्स, वाय आणि झेड ही तिन्ही अक्षरं ज्यात आहेत असा इंग्रजी शब्द सांगा." बस्स, एवढंच. वर म्हणतो, उत्तर एकच आहे.

माझी मजल 'सेक्सी' आणि 'क्रेझी' यांच्यापुढे जात नाही. एकात झेड नाही, दुसऱ्यात एक्स नाही. शोधयंत्रात तीन अक्षरं टाकून पाहिली तर भूमितीचे अक्ष आणि आलेख यांचा पूर आला.

हा शब्द तर हवाच आहे, पण त्याहून जास्त हवी आहे रीत. उद्या दुसरी अक्षरं आली की पुन्हा तुमच्या दारात नको यायला. स्पेलिंग लिहायची झाली तर अक्षरांची नावं लिहा, धागा देवनागरीतच ठेवू.

शब्दवेल
रीत विचारलीत हे बरं केलंत. मी शब्दकोडी रचते, त्यामुळे हा उद्योग रोजचा.

पहिली गोष्ट, सुटी अक्षरं घेऊन बसू नका, गठ्ठे घ्या. इंग्रजी शब्द बरेचसे उपसर्ग-प्रत्ययांनी जोडलेले असतात. झेड हवाय? शेवटी आय-झेड-ई लावून बघा. वाय हवाय? शेवटी एल-वाय किंवा आय-टी-वाय. एक्स? सुरुवातीला ई-एक्स किंवा ओ-एक्स. क्यू आला की मागे यू आलाच असं धरून चाला. बुरखा, निकाब, कव्वाली यांची रोमन स्पेलिंगं सोडली तर तो नियम फारसा फसत नाही.

दुसरी गोष्ट, अक्षरं कधीही एका ओळीत लिहू नका. ओळीत लिहिली की डोळा ती डावीकडून उजवीकडे वाचतो आणि त्याच क्रमात अडकतो. गोलात लिहा. स्वर मध्ये, व्यंजनं कडेने. हसू नका, करून बघा.

मात्रावेलांटी
शब्दवेलताई, तुमचं पटलं, पण मला आधी प्रश्नच नीट वाटत नाहीये. "ही अक्षरं असलेला शब्द" म्हणजे नेमकं काय? ए, आर, टी घ्या.

फक्त तीच तीन, एकेकदा: आर्ट, रॅट, टार. हा झाला अ‍ॅनाग्रॅम.
त्या तिघांतलीच, पण सगळी लागलीच पाहिजेत असं नाही: मग 'अ‍ॅट' पण चालेल.
तिन्ही हवीत, बाकी कितीही येऊ देत, क्रम कुठलाही: वॉटर, ट्रेन.
तिन्ही हवीत आणि त्याच क्रमाने, मध्ये कोणी घुसलं तरी हरकत नाही: अलर्ट, म्हणजे ए-एल-ई-आर-टी.
आणि शेवटचं, त्याच क्रमाने खांद्याला खांदा लावून: पार्टी, स्मार्ट, हार्ट.

पाच प्रश्न झाले आणि पाचांची उत्तरं वेगळी. शिवाय दिलेल्या अक्षरांत एखादं दोनदा असेल तर शब्दातही ते दोनदा लागतं का? सात पाट्यांच्या स्क्रॅबलमध्ये एक ई असेल तर एकच वापरता येतो. याउलट न्यूयॉर्क टाइम्सच्या स्पेलिंग बी कोड्यात सात अक्षरांतलं कुठलंही कितीदाही वापरा, फक्त मधलं अक्षर आलं पाहिजे आणि शब्द किमान चार अक्षरी हवा. एकाचे नियम डोक्यात ठेवून दुसऱ्याचं कोडं सोडवायला बसणारे मी पाहिलेत. तुमच्या मित्राला आधी विचारा, यातलं कुठलं.

कोडेग्रस्त
विचारलं. म्हणतो, "कोड्यात लिहिलंय तेवढंच." म्हणजे तिसरा प्रकार धरतो.

उलटसुलट
तिसरा प्रकार असेल तर संगणकाला पाच सेकंदांचं काम. शब्दांची यादी घ्या, एका ओळीवर एक शब्द. ती स्प्रेडशीटमध्ये ओता आणि चाळण लावा: एक्स असलेले. जे उरले त्यांना दुसरी चाळण: वाय असलेले. मग तिसरी. झालं.

हाताने करणाऱ्यांनी सगळ्यात दुर्मिळ अक्षराची चाळण आधी लावावी. ई ची चाळण आधी लावलीत तर अर्धी यादी तशीच उरेल. झेडची लावलीत तर मूठभर शब्दच उरतात आणि पुढचं नजरेनेही होतं.

लोक एक चूक हमखास करतात. 'चांदणी-एक्स-चांदणी-वाय-चांदणी-झेड-चांदणी' असा साचा लिहितात (चांदणी म्हणजे तिथे कितीही, कुठलीही अक्षरं) आणि समजतात की झालं. तो साचा आधी एक्स, मग वाय, मग झेड असेच शब्द पकडतो, म्हणजे मात्रावेलांटींचा चौथा प्रकार. तिसरा हवा असेल तर तीन अक्षरांचे सहा क्रम, म्हणून सहा साचे लागतील. पाच अक्षरं असतील तर १२०. त्यापेक्षा चाळणीवर चाळण बरी.

युनिक्स ही संगणक-प्रणाली वापरणाऱ्यांकडे यासाठी ग्रेप नावाची आज्ञा आहे, केन थॉम्पसनने १९७३ च्या सुमारास केलेली. नावही मजेशीर. मजकूर लिहायच्या जुन्या प्रोग्राममध्ये 'सगळ्या ओळींत हा साचा शोध आणि छाप' असं सांगायला जी, तिरकी रेघ, आर-ई, तिरकी रेघ, पी असं लिहीत. रेघा गाळल्या की ग्रेप. एका ग्रेपचं उत्तर दुसऱ्या ग्रेपला पाजायचं, दुसऱ्याचं तिसऱ्याला.

आत्ता माझ्या मॅकवर चालवून पाहिलं. कामाचे दोन निघाले: 'ऑक्सिजनाइझ' (ओ-एक्स-वाय-जी-ई-एन-आय-झेड-ई) आणि 'झायगोमॅक्सिलरी' (झेड-वाय-जी-ओ-एम-ए-एक्स-आय-एल-एल-ए-आर-वाय). दुसरा शब्द गालाचं हाड आणि वरचा जबडा यांच्याशी संबंधित. बघा, यात झेड आधी आलाय. वरचा चांदण्यांचा साचा लावला असता तर हा निसटला असता.

शब्दवेल
ऑक्सिजनाइझ! ओ-एक्स पुढे, आय-झेड-ई मागे. गठ्ठे हो गठ्ठे. :)

नुसताच_वाचक
पण ब्रिटिश स्पेलिंगमध्ये तो झेड नसतो ना? आपण तर एस लिहायला शिकलो.

मात्रावेलांटी
दोन्ही चालतात. ऑक्सफर्डचा शब्दकोश स्वतः आय-झेड-ई च पुढे ठेवतो, म्हणजे झेड म्हणजे अमेरिकन असं सरसकट नाही. मात्र 'अ‍ॅनलाइझ' च्या गटात ब्रिटिश लिखाणात एसच. त्यामुळे झेडचं कोडं असेल तेव्हा आपली यादी कुठल्या घराण्याची आहे हे बघावं लागतं. ब्रिटिश यादीत शोधून "असा शब्दच नाही" म्हणणारा अर्धवट खरा असतो.

सातपाट्या
स्क्रॅबलवाला हजर. आमच्याकडे वाद नको म्हणून यादीच ठरलेली असते. २०१९ च्या कॉलिन्स यादीत २,७९,४९६ शब्द आहेत. यादीत असेल तर शब्द, नसेल तर नाही. अर्थ माहीत असण्याची सक्ती नाही. (माझ्या घरच्यांना हाच भाग सगळ्यात जास्त खटकतो.)

आम्ही अक्षरांकडे उलट्या बाजूने बघतो. सहा अक्षरांचा एक मनमिळाऊ गठ्ठा पाठ ठेवायचा आणि सातवं अक्षर आलं की काय होतं ते बघायचं. माझा लाडका गठ्ठा 'रेटिना', म्हणजे आर-ई-टी-आय-एन-ए. त्यात पी आला की पेंटर, पर्टेन, रीपेंट. जी आला की ग्रॅनाइट, इनग्रेट, टेअरिंग. एम आला की मिनरेट, रेमेंट. सी आला की सर्टन, एफ आला की फेंटर, के आला की केराटिन. एल आला तर लॅट्रिन आणि रिलायंट! सातही पाट्या एकदम लावल्या की ५० गुण वरचे, म्हणून हा खटाटोप.

नुसताच_वाचक
पेंटर, पर्टेन, रीपेंट हे देवनागरीत लिहिल्यावर एकमेकांचे कोणीच वाटत नाहीत. स्पेलिंग लिहून बघितल्यावर पटलं.

मात्रावेलांटी
कारण आपण आवाज लिहितो. इंग्रजीत अक्षरं आवाजापासून सुटी फिरतात, म्हणून हा खेळ तिथे इतका रंगतो. 'लिसन' आणि 'सायलेंट' घ्या, सहा अक्षरं तीच. आणि गंमत म्हणजे लिसनमधला टी स्वतःच सायलेंट.

मराठीत 'क' आणि 'का' ही एकच पाटी की दोन, इथपासून भांडण सुरू होईल. नको, तो वेगळा धागा.

कोडेग्रस्त
अहो, घोळ झाला! ऑक्सिजनाइझ पाठवला तर मित्र म्हणतो, "चूक. तिन्ही अक्षरं शेजारीशेजारी हवीत, त्याच क्रमाने." मी म्हटलं, हे कोड्यात कुठे होतं? तर म्हणे, "एक्स-वाय-झेड म्हटल्यावर एवढं कळायला नको?"

आता काय बोलायचं!

मात्रावेलांटी
पाचवा प्रकार. मी काही बोलत नाही.

उलटसुलट
पाचवा प्रकार तर सगळ्यात सोपा, एकच चाळण. थांबा.

...

शून्य. माझ्या यादीत एकही नाही. मित्राला सांगा, कोडं चुकलंय.

गोळीपुडी
रोज वाचते, आज पहिल्यांदाच लिहितेय. मी औषधांच्या दुकानात बसते.

हायड्रॉक्सिझिन.

एच-वाय-डी-आर-ओ-एक्स-वाय-झेड-आय-एन-ई. अंगाला खाज सुटते त्यावर आणि कधी अस्वस्थपणावर डॉक्टर लिहून देतात ती गोळी. सहावं, सातवं, आठवं अक्षर बघा. मी हा शब्द हजारदा वाचला असेल, पण त्यात एक्स-वाय-झेड दडलंय हे आज हा धागा वाचताना दिसलं.

कोडेग्रस्त
__/\__ ताई!! पाठवला. उत्तर आलं: फक्त एक अंगठा. म्हणजे बरोबर.

सातपाट्या
क्या बात. संगणक हरला, काउंटर जिंकलं.

उलटसुलट
कबूल. पण हरला का, ते शोधलं. मॅकमध्ये जी शब्दयादी आयती मिळते ती वेब्स्टरच्या १९३४ च्या मोठ्या शब्दकोशातून आलेली आहे. हे औषध १९५० च्या दशकातलं. जो शब्द जन्मालाच यायचा होता तो यादीत कुठून सापडणार? आणि मी बिनधास्त लिहून मोकळी झाले की कोडं चुकलंय. त्या मित्राला माझ्याकडून सॉरी सांगा.

शब्दवेल
हे मला कोडी रचताना नेहमी नडतं. जुन्या यादीत कुणी वापरत नाही असे शेकडो शब्द, आणि घरातल्या टीव्हीवर रोज ऐकू येणारा शब्द मात्र गायब.

बरं, शेजारीशेजारी येणाऱ्या अक्षरांचा विषय निघालाच आहे तर घ्या: एच-आय-जे कशात? हायजॅक. आर-एस-टी-यू, सलग चार? अंडरस्टडी. एम-एन-ओ? सॉम्नोलंट. एन-ओ-पी सोपं आहे, कॅनोपी. जी-एच-आय?

नुसताच_वाचक
लाफिंग! (मी हसत नाहीये, उत्तर देतोय.)

ए-बी-सी?

शब्दवेल
डॅबचिक. पाण्यात बुड्या मारणारा एक छोटा पक्षी.

गोळीपुडी
अजून एक गंमत. पाचही स्वर असलेला शब्द विचारला की सगळे 'एज्युकेशन' सांगतात. क्रमाने हवेत म्हटलं की बाजू फिरते. तिथे 'अ‍ॅब्स्टीमियस' लागतो, खाण्यापिण्यात संयम ठेवणारा: ए-बी-एस-टी-ई-एम-आय-ओ-यू-एस.

सातपाट्या
'फसीशस' पण. त्याला शेवटी एल-वाय लावा, वायसुद्धा रांगेत येऊन उभा राहतो. उलट क्रमाने हवेत तर 'सबकाँटिनेंटल': यू, ओ, आय, ई, ए. आणि कमी जागेत पाचही कोंबायचे तर 'सिक्वोया', ते उंच झाड. सात अक्षरांत पाच स्वर.

अंकलिपी
उशिरा आलो, पण तिसऱ्या प्रकारासाठी एक युक्ती सांगतो. चाळणी वगैरे काही नाही, नुसता भागाकार.

प्रत्येक अक्षराला एक मूळ संख्या द्या. ए म्हणजे २, बी ३, सी ५, डी ७, ई ११, असं करत झेड १०१. शब्दातल्या अक्षरांच्या संख्यांचा गुणाकार करा. 'बॅड' म्हणजे ३ × २ × ७ = ४२. 'डॅब' पण ४२, कारण गुणाकाराला क्रम नसतो. म्हणजे आकडा सारखा तर अ‍ॅनाग्रॅम.

आता 'बीड', मण्याचा: ३ × ११ × २ × ७ = ४६२. याला ४२ ने भागा. ११ येतात, बाकी शून्य. म्हणजे बी-ए-डी त्यात आहेत, आणि वर उरलंय ११, म्हणजे ई. 'बेक्ड' १४,३२२ होतो. भागिले ४२ केलं की ३४१, आणि ३४१ म्हणजे ११ × ३१. जास्तीची अक्षरं ई आणि के. भागाकार नुसतं हो-नाही सांगत नाही, उरलेल्या पाट्याही हातात देतो. दुहेरी अक्षरांचा हिशोबही आपोआप. दोन ओ हवे असतील तर ४७ ने दोनदा भाग गेला पाहिजे.

मात्रावेलांटी
हे फार सुरेख आहे. वाचनखूण साठवली.

उलटसुलट
अंकलिपी, तुमचं वाचून लगेच स्प्रेडशीटमध्ये मांडलं. नवीन यादी घेतली, हायड्रॉक्सिझिनसकट. एक्स ८९, वाय ९७, झेड १०१. तिघांचा गुणाकार ८,७१,९३३. ऑक्सिजनाइझला भाग गेला. हायड्रॉक्सिझिनला गेला नाही! तासभर सूत्र तपासत बसले.

अंकलिपी
आकडा किती अंकी आला ते बघितलंत का?

उलटसुलट
बघितलं, नंतर. १८ अंकी. स्प्रेडशीट १५ अंकांपर्यंतच खरं बोलते, पुढे शून्यं टाकून मोकळी होते. शेवटचे तीन अंक थापा, मग भाग कसा जाणार? परत तोच शब्द, परत मीच.

अंकलिपी
हे मी आधीच सांगायला हवं होतं, चूक माझी. लांब शब्दांना ही युक्ती मोठे पूर्णांक सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्येच वापरावी. नाहीतर शब्दातली अक्षरं वर्णक्रमाने लावून ठेवायची, ही साधी रीत. 'स्टॉप' चा ओ-पी-एस-टी होतो. स्पॉट, पोस्ट, पॉट्स, टॉप्स, ऑप्ट्स सगळ्यांचाही तोच. सगळी यादी अशी एकदा लावून ठेवली की अ‍ॅनाग्रॅम शोधणं म्हणजे नुसतं कप्पा उघडणं.

अवांतर: वर्णक्रमाने लावलेली अक्षरं लोकांनी कुलपासारखीही वापरलीत. १६७६ मध्ये रॉबर्ट हूकने एका पुस्तकात १४ लॅटिन अक्षरांची रांग छापली: सी, ई, तीन आय, एन, ओ, तीन एस, दोन टी, यू, व्ही. शोध लागलाय हे नोंदवायचं होतं, पण काय ते सांगायचं नव्हतं. १६७८ मध्ये त्याने उकल दिली, 'उट टेन्सिओ, सिक व्हिस', जसा ताण तसा जोर. शाळेत शिकलेला स्प्रिंगचा हूकचा नियम तो हाच.

सातपाट्या
आणि त्याच्याही आधी, १६१० मध्ये, गॅलिलिओने शनीबद्दलचा शोध असाच अक्षरं विस्कटून केप्लरला कळवला होता. केप्लरने ती स्वतःच्या पद्धतीने जुळवली आणि मंगळाला दोन चंद्र आहेत असा अर्थ काढला. उत्तर साफ चुकीचं. पण मंगळाला दोन चंद्र निघाले, १८७७ मध्ये!

मात्रावेलांटी
म्हणजे केप्लरचीही कोडेग्रस्त यांच्यासारखीच गत. अक्षरं दिली, अट दिली नाही.

कोडेग्रस्त
मोठ्या माणसांत बसवलंत, मंडळ आभारी आहे. :) मित्राने आता नवीन सोडलंय: "पी-क्यू-आर." या वेळी आधीच विचारून घेतलं, तिसरा प्रकार की पाचवा? दोन तास झाले, निळ्या खुणा दिसतायत, उत्तर नाही.

शब्दवेल
तिसरा असेल तर 'पिक्चरेस्क'. पी पहिला, आर मध्ये, क्यू शेवटाजवळ. पाचवा असेल तर त्यालाच उत्तर विचारा.

कोडेग्रस्त
तसंच करतो. गोळीपुडीताई, उलटसुलट, अंकलिपी, शब्दवेलताई, सगळ्यांना २४,०९,६१,०७८.

गोळीपुडी
हे काय? फोन नंबर?

अंकलिपी
२ ने भाग जातो, म्हणजे ए आहे. १९ ने जातो, एच. ३१, ४३, ६७, ७१ ही बाकीची चार. कागद घ्या ताई, गोलात लिहा.

गोळीपुडी
के, एन, एस, टी...

अय्या! वेलकम, वेलकम.